शेवटच्या रांगेतल्या बाकाची साक्ष

मित्रांनो, बाक म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते. कर्कटकाने कोरलेली नावं आठवतात, फळीखाली चिकटवलेलं च्युइंगम आठवतं. मी तसा बाक नाही. मी देवळातला बाक आहे, आणि तोही ख्रिस्ती देवळातला. सातपूरला, त्र्यंबक रस्त्यापासून जरा आत, कामगार वसाहतीच्या मागे पांढऱ्या चुन्याचं एक बसकं देऊळ आहे. तिथे दोन ओळींत आम्ही बारा बाक होतो. माझा नंबर अकरा. शेवटची रांग, दाराजवळची बाजू. वय साठीच्या पुढे.

पेठकडच्या जंगलातून आलेल्या सागापासून मला गोटीराम सुताराने घडवलं. गोटीराम काही ख्रिस्ती नव्हता. बारा बाकांचं काम मिळालं तेव्हा त्याने त्या वेळच्या पाळकांना एवढंच विचारलं, "इथं माणसं किती वेळ बसतात?"

"दीड तास तरी," पाळक म्हणाले.

"मग पाठ जरा मागं कलती ठेवतो. सरळ पाठीवर कुणी दीड तास देवाचं ऐकत नाय."

त्याने पाठ कलती ठेवली आणि बसायच्या फळीखाली गीतांची पुस्तकं ठेवायला एक अरुंद कप्पा केला. तो कप्पा इतका खोल होता की आत गेलेलं पुस्तक कुणाच्या लक्षातही राहत नसे.

पहिली वीस-पंचवीस वर्षं माझी कौतुकात गेली. कारखान्याची पाळी सुटली की माणसं तशीच उपासनेला यायची. अंगाला ग्रीसचा वास, हातात रिकामा डबा. नाताळच्या सकाळी चौघांच्या जागेत सात जण दाटीवाटीने बसायचे, आणि मी कुरकुरलो की कुणीतरी मला थोपटून म्हणायचं, "घाबरू नको रे, दणकट आहेस तू." बाप्तिस्म्याला आणलेली बाळं माझ्यावर झोपली. नव्या जोडप्यांनी माझ्यावर बसून एकमेकांचे हात चोरून धरले.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून मला कळत होती. देवळात सगळ्यांची तोंडं समोर असतात. पाळकांना चेहरे दिसतात. मला चेहरे दिसत नाहीत, मला वजन कळतं आणि हात कळतात. चेहरा शांत ठेवून बसलेल्या माणसाची बोटं माझ्या फळीच्या खालच्या कडेला काय करत असतात, ते आजवर एकाही पाळकाला दिसलेलं नाही.

माझ्यावर दोन जागा कायमच्या ठरलेल्या होत्या. एक भिकनची, एक त्याची बायको भागीबाई हिची. भिकन एसटीत ड्रायव्हर होता. तीस वर्षं त्याने नाशिक-त्र्यंबक गाडी चालवली. गाडीतले यात्रेकरू त्र्यंबकराजाचा जयजयकार करायचे आणि हा गिअर टाकता टाकता आपली भजनं गुणगुणायचा. उपासनेत मात्र तो गुणगुणत नसे. त्याने तोंड उघडलं की पुढच्या रांगेतल्या बायका दचकून मागे बघत. रिटायर झाल्यावर त्याला ब्लडप्रेशर निघालं. रोज सकाळी भागीबाई त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि तो ती कुरकुरत गिळायचा.

भागीबाई देवळाची झाडलोट करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलायला फार लागायचं. झाडताना ती प्रभूशी मोठ्याने बोलायची, अगदी शेजारणीशी बोलावं तसं. "प्रभू, काल ह्यानं लोणचं खाल्लं बघ पुन्यांदा. आता तूच सांग त्याला." दमली की माझ्यावर टेकायची आणि बोलणं तसंच पुढे चालू. देवळाबाहेरचं मला जे काही ठाऊक आहे त्यातलं बरंचसं तिच्या या बोलण्यातून.

आणि तिसरी साधना. मला सांगायचं आहे ते तिचंच.

साधना एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. पूर्वी ती दुसऱ्या रांगेत बसायची, गाणाऱ्या मंडळीत. साथीची ती दोन वर्षं आली. देवळाला कुलूप लागलं, आम्ही बाराच्या बारा बाक धूळ खात पडलो. कुलूप निघालं तेव्हा साधना दुसऱ्या रांगेत गेली नाही. ती थेट माझ्याकडे आली आणि दाराकडच्या टोकाला बसली.

पहिल्याच रविवारी मला तिचे हात कळले. प्रभुभोजनाची वेळ होती. देवळात अगदी शांतता होती, आणि तिची नखं माझ्या कडेत रुतली होती. तिचा पाय खालच्या पट्टीवर थडथडत होता. श्वास वर वर चालला होता, पळून आलेल्या माणसासारखा. पाळकांचं भाकर मोडणं संपायच्या आत ती उठून बाहेर गेली. भिकन तिच्यामागे पाण्याची बाटली घेऊन गेला.

"पित्त असंल सिस्टर," तो परत येताना म्हणत होता. "उपाशीपोटी नका येत जाऊ."

"हो काका, पित्तच," ती म्हणाली.

ते पित्त नव्हतं. हळूहळू तिच्या पुटपुटण्यातून मला सगळं कळत गेलं. वॉर्डात एकापाठोपाठ एक माणसं गेली होती. त्यांच्या नातेवाइकांना फोन करायचं काम हिच्याकडे होतं. तेव्हा तिला काहीच झालं नाही. तिने डबा खाल्ला, झोप घेतली, पुन्हा ड्युटीवर गेली. सगळं निवळल्यावर, वॉर्डात साधे तापाचे पेशंट असताना, तिला धडधड सुरू झाली. फोन वाजला की छातीत कळ यायची. मुलगी तेजस्विनी पुण्याला कॉलेजात होती. तिने एका रिंगमध्ये फोन उचलला नाही की साधनाच्या डोळ्यांपुढे अपघातच उभा राहायचा. घराबाहेर पडल्यावर ती गॅस बंद आहे का बघायला तीन-तीनदा परत फिरायची. नवरा भारत समजूतदार माणूस. तो नुसता म्हणायचा, "मी बघितलाय गॅस, चल." आणि ती तरीही परत फिरायची.

स्वतःला हार्ट अटॅक येतोय असं वाटून ती एकदा आपल्याच दवाखान्यात कॉटवर आडवी झाली. कार्डिओग्राम चांगला आला. तिथल्या डॉक्टरांनी तिला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे, औषधाने आणि सवयीने आटोक्यात येतो, लाजण्यासारखं यात काही नाही. रोज सकाळची एक गोळी सुरू झाली.

लाजण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं. देवळातलं म्हणणं निराळं होतं. महिला मंडळाच्या प्रमुख साळूबाई एका रविवारी उपासना संपल्यावर माझ्यावर येऊन बसल्या. साधनाचा हात त्यांनी हातात घेतला. हात मऊ होता त्यांचा.

"साधना, तू हल्ली मागं का बसतेस गं?"

"मधेच जीव घाबरतो बाई. दाराजवळ बरं पडतं."

"प्रभूच्या घरात जीव घाबरतो?" साळूबाईंना खरंच वाईट वाटलं होतं. "अगं, घाबरणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नसणं. तू उपवास धर. विश्वासात कुठंतरी कमी पडतेयस, ते शोध."

साधनाने पर्स जवळ ओढली. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट होतं. मित्रांनो, लोखंडाच्या खिळ्याने मला काही होत नाही, मी सागाचा आहे. पण अशा मऊ हाताने ठोकलेला खिळा माणसाच्या फार आत जातो, हे मी त्या दिवशी बघितलं.

तरी ती बरी होत गेली. खरंच होत गेली. डॉक्टरांनी तिला श्वास घेताना चार अंक आणि सोडताना चार अंक मोजायला शिकवलं होतं. तिला आकडे नकोसे व्हायचे, आकडे म्हटले की वॉर्डातली यंत्रं आठवायची. मग तिने आकड्यांच्या जागी शब्द घातले. श्वास आत घेताना, "प्रभू, तू इथे आहेस." सोडताना, "मीही इथेच आहे." एवढंच. शनिवारी दुपारी ड्युटी संपली की ती रिकाम्या देवळात येऊन माझ्यावर बसायची आणि अर्धा तास एवढंच म्हणायची. काही मागायची नाही. पहिल्या महिन्यात तिची बोटं माझ्या कडेवरच असायची. दुसऱ्या महिन्यात ती मांडीवर गेली. पावसाळा निम्मा सरेपर्यंत ती प्रभुभोजनाला उठून पुढे जाऊ लागली, परत येऊन माझ्यावर शांत बसू लागली. गोळीने तिच्या पायाखाली जमीन घातली, आणि त्या जमिनीवर ती प्रार्थनेने उभी राहिली. या दोहोंत तिने कधी भांडण लावलं नाही. भांडण लावलं ते दुसऱ्यांनी.

पाळकसाहेब नवे होते, चारच वर्षं झाली होती त्यांना. मनाने वाईट नव्हते. पण देवळातली तरुण मुलं गंगापूर रोडच्या मोठ्या हॉलमधल्या सभांना जाऊ लागली होती. तिथे ड्रम होते, पडदा होता, दर आठवड्याला कुणीतरी बरं झाल्याची साक्ष होती. आमच्याकडे बारा बाक आणि एक बाजाची पेटी. पाळकसाहेबांनाही आपल्या देवळात असं काहीतरी घडायला हवं होतं. एका शनिवारी ते साधनाशेजारी येऊन बसले.

"सिस्टर, तुमच्यात केवढा बदल झालाय. पुढच्या रविवारी साक्ष द्या."

"मी?" ती हसली. "मी काय सांगणार, पाळकसाहेब? मी अजून डॉक्टरांकडे..."

"ते कशाला सांगायचं?" त्यांनी तिला मधेच थांबवलं. "माणसाने औषध दिलं म्हणून काय झालं, बरं कोण करतो? श्रेय त्याचंच ना?"

"श्रेय त्याचंच आहे. पण..."

"मग तेवढंच सांगा. आपल्या लोकांना आधाराची गरज आहे, सिस्टर."

तिची बोटं बऱ्याच दिवसांनी माझ्या कडेवर आली. ती 'हो' म्हणाली. मंडळीने पुन्हा आपल्याला आपलं म्हणावं, विश्वासात कमी नव्हे तर बरोबरीची म्हणावं, याची तिला भूक होती. मी तिला दोष देत नाही. देतो. दोन्ही खरं आहे.

तो रविवार मला स्पष्ट आठवतो. पाळकसाहेबांनी मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. साधना पुढे गेली, माईक हातात घेतला. वॉर्डाबद्दल बोलली, फोनबद्दल बोलली, शनिवारच्या प्रार्थनेबद्दल बोलली. सगळं खरं. बायकांनी डोळे पुसले. ती खाली यायला वळली, एवढ्यात पाळकसाहेबांनी उत्साहाने विचारलं, "आणि आता सिस्टर, काही औषध वगैरे?"

साधनाने माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"नाही," साधना म्हणाली.

एकच शब्द. टाळ्या पडल्या. साळूबाई उभ्या राहिल्या. माझ्यावर बसलेला भिकन भागीबाईला कोपराने ढोसून म्हणाला, "ऐकलंस का? सिस्टर हाय ती. तिला औषधातलं सारं कळतं, आन तीच म्हनती नाय लागत."

"तिचं तिला," भागीबाई म्हणाली. "तू गप गोळी घेत जा."

त्याने मान डोलावली. पण त्याच्या वजनात काहीतरी ठाम झालं होतं, ते मला कळलं.

दोन आठवड्यांनी भिकन उपासनेला सगळ्यांच्या आधी आला. एकटाच. इकडे तिकडे बघून तो वाकला आणि फळीखालच्या कप्प्यात अगदी आत काहीतरी सरकवलं. गोळ्यांचं पाकीट होतं ते, न गिळलेल्या गोळ्या परत आत भरलेलं. "प्रभू, हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "टाकून द्यायला मन व्हत नाय. बाईनं कष्टानं आनलंय." घरी तो भागीबाईसमोर गोळी तोंडात टाकल्यासारखं करत होता, हेही त्यानेच पुटपुटत प्रभूला सांगितलं. सुरुवातीला दोन दिवसांआड, मग रोजच. आणखी दोन आठवड्यांनी दुसरं पाकीट आलं, मग तिसरं.

मला तोंड नाही. असतं तर मी ओरडलो असतो. माझ्या पोटात तीन पाकिटं होती आणि दर रविवारी तो माझ्यावर बसून, मान मागे टाकून, मोकळ्या गळ्याने गात होता. त्याच्या शेजारी साधना बसायची. उपासनेआधी पाणी पिण्याच्या निमित्ताने ती पर्समधली गोळी तळहातात लपवून घ्यायची. एकाच फळीवर, हातभर अंतरावर, दोघंही गोळ्याच लपवत होते. ती घेत होती म्हणून, तो घेत नव्हता म्हणून. आणि देवळात सगळ्यांची तोंडं समोर होती.

साक्षीनंतरचा आठवा की नववा रविवार. भिकनची जागा रिकामी. भागीबाईची पण. दुसरं गीत चालू असताना वसाहतीतला एक जण धावत आत आला. भिकन देवळात यायला निघाला होता. उंबऱ्यावर बसून बूट घालत होता. डावा बूट घातला आणि उजव्याची लेस बांधताना कोसळला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. उपासना थांबवून पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी प्रार्थना घेतली. ती प्रार्थना मनापासूनची होती, एवढं मला सांगितलं पाहिजे.

भिकन वाचला. पण जीभ गेली. कळत होतं सगळं, ऐकू येत होतं. फक्त बोलता येईना.

महिन्याभराने भागीबाई पुन्हा झाडायला आली. बोलणं बंद होतं तिचं. प्रभूशीही ती बोलत नव्हती. नाताळ जवळ आला होता म्हणून सगळे कप्पे साफ करायचे होते. माझ्या कप्प्यात तिने हात घातला, आणि पुस्तकांबरोबर ती तीन पाकिटं बाहेर आली. ती खाली बसली. पाकिटं उलटी-सुलटी करून बघत राहिली. रंग ओळखीचा होता, पण अक्षर कळत नव्हतं.

शनिवार होता. दाराशी चपला वाजल्या. साधना आली होती.

"सिस्टर," भागीबाई खालूनच म्हणाली, "ह्या कशाच्या गोळ्या हायेत, वाचून सांगता का?"

साधनाने पाकिटं हातात घेतली. नाव वाचायची गरजच नव्हती तिला. ती माझ्यावर बसली, म्हणजे जवळजवळ पडलीच.

"प्रेशरच्या आहेत मावशी. कुठे सापडल्या?"

"हितंच. तुमच्या बाकाच्या पोटात." भागीबाईच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडत होता. "म्हंजे त्यानं घेतल्याच नाय? मी रोज हातावर ठेवायची... साक्ष झाली तवापासून म्हनायचा तो, सिस्टर बरी झाली तसा मी बी व्हनार. मला वाटलं, बोलतोय नुसता."

मित्रांनो, त्या वेळी देवळात दोघीच होत्या. साधना गप्प बसली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. म्हातारा देवभोळा होता, एवढंच जग म्हणालं असतं. मला तिचे हात कळत होते. सगळं परत आलं होतं. नखं माझ्यात रुतली, पाय थडथडू लागला, श्वास वर चढला. दार चार पावलांवर होतं. ती पळाली नाही. तिने डोळे मिटले. श्वास आत ओढला, सोडला. पुन्हा ओढला, सोडला. ओठ हलत होते. मग तिने पर्सची आतली चेन उघडली, आपलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्या तीन पाकिटांशेजारी ठेवलं.

"मावशी, ही माझी गोळी. मी कधीच सोडली नव्हती. साक्षीत मी खोटं बोलले."

भागीबाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती उठली. साधनाला वाटलं असावं, आता ही मारणार. मलाही वाटलं.

"मला काय सांगतीस?" भागीबाई म्हणाली. अहो-जाहो गळून पडलं होतं. "त्याला सांग. त्याला ऐकू येतंय."

त्याच दुपारी ती तिला घरी घेऊन गेली. तिथे काय झालं ते मला पुढे भागीबाईच्या तोंडून कळलं. साधना भिकनच्या कॉटपाशी गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगितलं. भिकन ऐकत होता. मग त्याने डावा हात उचलून तिला थांबवलं, भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ती जाईपर्यंत परत वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रवचन संपलं, आणि माझ्यावरून साधना उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, माईक नव्हता.

"मला साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी सांगितलं की मी औषध घेत नाही. मी घेत होते, आजही घेते. माझ्या त्या एका शब्दावर विसंबून भिकनकाकांनी गोळ्या सोडल्या."

माना मागे वळल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा मला सगळे चेहरे दिसले.

"मला वाटत होतं, घाबरणं हे पाप आहे, म्हणून लपवत होते," ती बोलत राहिली. "पण क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूलाही त्या बागेत घाम फुटला होता. हे टळलं तर बरं, असं तोही म्हणाला होता. तो घाबरलाय हे त्याने लपवलं नाही. आणि त्याला घाबरलेला बघूनही जे झोपले, ते शिष्य होते. विश्वास कमी असला तर तो त्यांचा..."

"आपण गीत घेऊ या," पाळकसाहेब घाईने म्हणाले. पेटी सुरू झाली. कुणीतरी मोठ्याने सूर धरला, मग सगळ्यांनीच धरला. साधनाचं पुढचं वाक्य त्या सुरात बुडालं. ती तशीच उभी राहिली, गीत संपेपर्यंत, आणि मग बसली.

तुम्हाला वाटेल, यानंतर लोकांचे डोळे उघडले. तसं झालं नाही. बाहेर साळूबाई म्हणाल्या, "मन पुन्हा बिघडलंय बिचारीचं." कुणी म्हणालं, सैतान आत शिरला की माणूस आपलीच साक्ष खोडतो. कुणी म्हणालं, ड्रायव्हरचं नशीब, त्यात हिचा काय दोष, आणि त्यात आमचा काय. पाळकसाहेबांनी त्यानंतर साधनाशी बोलणं टाळलं. पहिल्या साक्षीचं रेकॉर्डिंग अजून मोबाइलवर फिरतं. दिंडोरीच्या मंडळीकडूनही ते आलं होतं, खाली हात जोडलेली चित्रं. दुसऱ्या साक्षीचं रेकॉर्डिंग कुणी केलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात देवळात गादीच्या खुर्च्या आल्या. आमच्यापैकी दहा बाक कुणी कुठे नेले ते मला माहीत नाही. बारा नंबरला आधीच वाळवी लागली होती. मला व्हरांड्यात आणून टाकलं, चपलांच्या मांडणीशेजारी. आता माझ्यावर लोक बूट काढायला बसतात. पाऊस तिरपा आला की मी भिजतो. पाठीचा एक सांधा सुटलाय. गोटीरामच्या हाताचं काम आता कुणी वाखाणत नाही.

साधना अजून येते. आत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती माझ्यावरच बसते आणि उघड्या दारातून उपासना ऐकते. तिची प्रार्थना तीच आहे, श्वास आत, श्वास बाहेर. काही रविवारी बोटं मांडीवर असतात, काही रविवारी माझ्या कडेवर. आजार गेलेला नाही. गेला असं ती आता कुणाला सांगतही नाही. एकदा भागीबाई झाडू घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. साधनाने माफीचा शब्द काढताच तिने हात वर केला.

"माफी मागू नको. मला जमत नाय अजून. प्रभूला बी तसंच सांगितलंय मी. जमंल तवा जमंल." मग झाडू खाली ठेवून म्हणाली, "पन तो माझ्या हातून गोळी घेईना झालाय. दात आवळून धरतो. आता ते काम तुझं."

तेव्हापासून रोज ड्युटीवर जाताना साधना त्यांच्या घरी थांबते. रविवारी ते काम माझ्यापाशी होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी, आम्हाला जपा, असं सांगायची रीत आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं लाकूड उद्या कुणाच्या बंबात गेलं तरी पाणी तापेल, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण तुमच्या शेजारी कुणी बसलं असेल, त्याची बोटं बाकाच्या कडेला रुतलेली असतील, तर त्याचा विश्वास मोजायला जाऊ नका. त्याला पाणी विचारा. दाराजवळची जागा द्या. प्रार्थना करत असेल तर त्याच्याबरोबर करा, आणि औषध घेत असेल तर ते त्याला मोठ्याने सांगू द्या, भर देवळात सांगू द्या. ते ऐकून देवाला काही कमीपणा येत नाही.

आता मला थांबायला हवं. फाटक वाजलं आहे. भागीबाई चाकाची खुर्ची ढकलत आणते आहे. व्हरांड्यातून आत चढायच्या दोन पायऱ्यांमुळे खुर्ची आत जात नाही, म्हणून ती माझ्याशेजारी लावतात. भिकन खुर्चीत वाकडा बसला आहे. साधना पाण्याची बाटली उघडते आणि त्याची गोळी तळहातावर धरते. तो ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत राहतो. तिच्या बोलण्यावर त्याचा भरवसा उरलेला नाही. म्हणून ती काहीच बोलत नाही. आधी आपल्या पर्समधली गोळी काढते, सगळ्यांच्या देखत जिभेवर ठेवते, पाणी पिते, आणि गिळल्यावर तोंड उघडून त्याला दाखवते. तो नीट बघतो. मग तो तोंड उघडतो.